पदराखालच्या कड्या

टाकेमास्तरांचं खरं नाव विचारलंत तर अख्खी गल्ली डोकं खाजवत बसेल. गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवायचा त्यांचा धंदा. एकतीस वर्षं एकच गाळा, एकच मशीन आणि शर्टाच्या खिशात चामडं कापायची एकच रापी. रापीचं पातं घासून घासून निम्मं उरलं होतं, तरी मास्तर ती बदलायला तयार नव्हते. बायको म्हणायची, तुम्ही माझ्यापेक्षा त्या रापीशी जास्त बोलता. ते काही खोटं नव्हतं.

मास्तरांना आपल्या हाताचा गर्व होता आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही. त्यांनी कव्हर चढवलेल्या सीटवरून हात फिरवा, सुरकुती सापडणार नाही, शिवण टोचणार नाही. आणि सीटची पाठ जिथे बैठकीला मिळते ना, ती फट, जिच्यात नाणी, कंगवे, बिस्किटांचा चुरा आणि एका कानातलं कायमचं गडप होतं, ती फट ते एका रुंद पट्टीने बंदच करून टाकायचे. या पट्टीला ते ‘पदर’ म्हणत. असा पदर शहरात दुसऱ्या कोणाला जमत नव्हता. “नख घालून दाखवा,” असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. गिऱ्हाईक खरोखरच नख घालून बघायचं आणि हरून, खूश होऊन गाडी घेऊन जायचं.

त्या फटीत एक भानगड मात्र होती. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या गाड्यांना मागच्या सीटच्या फटीत, आत खोलवर, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या लोखंडी कड्या असायच्या. पदर खोचताना त्यांच्यावर हटकून बोटाचं पेर सोलवटायचं. मास्तरांच्या उजव्या हाताच्या पेरांवर पांढऱ्या वणांची रांगच लागली होती. दर वेळी ते एक इरसाल शिवी हासडत, कडीवर फोमचा तुकडा चिकटवत आणि वरून पदर ओढून घेत. कारखान्यात सीट उचलायला काहीतरी लावलं असेल आणि काढायचं राहून गेलं असेल, अशी त्यांची पक्की समजूत होती. मागचे बेल्ट ज्यांत अडकवतात ती कुलपंही ते सीटखाली ढकलून द्यायचे. ती टोचतात, आणि मागे बसून बेल्ट लावतंय कोण!

दीड वर्षापूर्वी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई तक्रार घेऊन आल्या होत्या. “मास्तर, तुम्ही कव्हर घातल्यापासून आमची बाळाची सीट बसतच नाही हो गाडीत.” मास्तर हसले. “अहो, ती सीटच फालतू असेल. माझ्या गादीवर बाळाला मांडीवर घेऊन बसा. पाळण्यात झोपल्यासारखं झोपेल.” बाईंना ते पटलं. सीट माळ्यावर गेली. पुढे कितीतरी दिवस मास्तर हा किस्सा गाळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होते.

मग त्यांच्या स्वतःच्या लेकीला दिवस गेले.

मास्तरांना दुसरं काही सुचेना. त्यांनी आपल्या गाडीचं मागचं कव्हर उसवून टाकलं आणि नवं शिवायला घेतलं. डाळिंबी रंग, चौकटीचौकटीची शिवण, खाली एक इंच जादा फोम, आणि पदर तर असा की त्यात सुईसुद्धा शिरू नये. पाच आठवडे लागले. मास्तरांच्या डोक्यात चित्र तयार होतं. नात किंवा नातू दवाखान्यातून घरी येणार तो आजीच्या मांडीवर, या डाळिंबी गादीवर.

लेकीने ते चित्र एका वाक्यात पुसून टाकलं. “बाबा, मांडीवर नाही. बाळाची स्वतःची सीट असेल.”

“तुला मी दुपट्यात गुंडाळून स्कूटरवरून आणली होती. काही झालं तुला?”

“नाही झालं, ते नशीब. बाळाला मी नशिबावर नाही सोडणार. सीट नीट बसली तर बाळ तुमच्या गाडीतून येईल. नाही बसली तर मी दवाखान्यातच बसून राहीन.”

लेक बापावर गेली होती. एकदा बोलली की बोलली. त्यामुळे मास्तरांना कळून चुकलं की नातवंड आपल्या गाडीतून घरी येतं की नाही, ते आता त्या एका सीटवर आहे.

सीट जावयाने निवडली. जावई कामासाठी परगावी असायचा. माणूस असा, की साबण घ्यायचा तरी वेष्टण वाचणार. त्याने दोन महिने खल केला. सासऱ्याच्या गाडीचं वर्ष विचारलं, मॉडेल विचारलं, मागच्या सीटची रुंदी मोजून मागवली. झुलती, नक्षीची, पेला ठेवायची सोय असलेली सीट त्याने सोडून दिली आणि एक साधी करडी सीट पाठवली. सोबत फोनवर सांगितलं, “बाबा, हीच या गाडीला बसते. कंपनीच्या यादीत बघून घेतलीय. पुस्तिका तेवढी वाचा.”

मास्तरांनी खोकं उघडलं आणि त्यांचा चेहराच पडला. टणक प्लास्टिकचं टोपलं, खाली घट्ट ठोकळ्यासारखी बैठक, आणि वर अस्तर केवढं, तर त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं, जेमतेम पाऊण इंच! “अगं, हे बघ. यात बटाटे ठेवायचे की पोर?” बायकोनेही दाबून पाहिलं आणि ती हळहळली.

पुस्तिका त्यांनी उघडलीच नाही. एकतीस वर्षं सीटमध्ये घालवलेल्या माणसाला सीट कशी बसवायची ते पुस्तक शिकवणार! बैठकीच्या मागच्या बाजूने दोन लोखंडी हात बाहेर येत होते. आपल्या गादीत ते रुतणार, म्हणून मास्तरांनी ते आत ढकलून टाकले. खाली दोन इंच फोमचा तक्क्या घातला. टोपल्याच्या आत मऊ मखमलीचं जाड अस्तर शिवलं. आणि सगळं जागेवर राहावं म्हणून स्वतःच्या हाताने दुहेरी टाक्यांचे दोन पट्टे शिवून गाडीच्या सीटच्या पाठीला आवळून बांधले. लांब उभं राहून पाहिलं. इतकं देखणं दिसत होतं की त्यांचे डोळे भरून आले.

मुलगी झाली. तीन किलो. तिसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडणार होते. मास्तरांनी गाडी दवाखान्याच्या दारापाशी आणून लावली आणि मागचं दार सताड उघडं ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून.

लेक चाकाच्या खुर्चीत, मांडीवर बाळ, शेजारी आजी. आणि त्यांच्यापुढे गळ्यात चष्म्याची दोरी, पायात आवाज न करणारे बूट अशा मोठ्या सिस्टर. बाळांच्या वॉर्डात त्यांची एकोणतीस वर्षं झाली होती. वॉर्डातलं कोणतंही बाळ घरी निघालं की त्या खाली उतरून गाडीपर्यंत यायच्या. तसा काही नियम नव्हता. त्यांचा स्वतःचा होता.

“आजोबा, सीट कोणी बसवली?”

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. आजोबा कोण आलेत? मग लक्षात आलं. “मी. मीच बसवली,” ते म्हणाले आणि नकळत शर्ट नीट केला.

सिस्टर आत वाकल्या, बैठकीला एका हाताने धरलं आणि हलवलं. जोर लावला असंही नाही, दाराची कडी हलवून बघावी तेवढंच. सीट वीतभर सरकली. मग दुसरीकडे वीतभर. मास्तरांचे पट्टे पट्ट्यांच्या जागी होते, टाका एकही उसवला नव्हता, आणि सीट मात्र बशीतल्या कपासारखी इकडून तिकडे फिरत होती.

“खाली काय आहे?”

“फोम. भारीतला आहे.”

सिस्टरांनी तक्क्या ओढून बाहेर काढला. टोपल्यातलं मखमलीचं अस्तरही काढलं, नीट घडी घालून आजीच्या हातात दिलं. “सुंदर शिवलंय. घरी पाळण्यात घाला. इथे नाही चालणार. धक्का बसला की फोम दबतो, मधे पोकळी होते, पट्टा सैल पडतो आणि बाळ त्यातून निसटतं. गाडीत मऊपणा राखत नाही, आजोबा. घट्टपणा राखतो.”

मास्तरांना कानफटात बसल्यासारखं झालं. एकतीस वर्षं ज्या गोष्टीवर ते जगले, तीच ही बाई दोन बोटांनी बाजूला काढून ठेवत होती. ते चिडले. “मग आजीच्या मांडीवर द्या. तिचे हात तरी घट्ट आहेत ना? नाहीतर पुढे ठेवा माझ्या शेजारी, मी लक्ष ठेवतो.”

“पुढे समोर एअरबॅग आहे. ती उघडली तर बाळाच्या सीटवरच आदळेल. आणि आजी...” सिस्टर आजीकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ होता. “पन्नासच्या वेगात गाडी कुठे धडकली, तर हे तीन किलोचं बाळ त्या क्षणाला नव्वद किलोचं होतं. नव्वद किलो झेपतील तुम्हाला?”

आजीने आपल्या हातांकडे पाहिलं. मग तिने नकारार्थी मान हलवली आणि ती एक पाऊल मागे सरली. चाळीस वर्षांच्या संसारात तिला एवढ्या पटकन गप्प झालेलं मास्तरांनी पाहिलं नव्हतं.

“कड्या कुठेत?” सिस्टरांनी विचारलं.

“कसल्या कड्या?”

“सीटच्या फटीत असतात. दोन इकडे, दोन तिकडे. या वर्षाच्या गाडीला आहेतच. बैठकीचे लोखंडी हात त्यांनाच धरतात. तुम्ही कव्हर घातलंय त्यांच्यावर.”

मास्तरांचा उजवा हात आपोआप डाव्या हातात गेला. पेरांवरचे वण त्यांच्या बोटांना लागले. “त्या... त्या कशासाठी असतात?” त्यांना उत्तर समजलं होतं. तरी त्यांनी विचारलं.

“बाळासाठी,” सिस्टर म्हणाल्या. “दुसरा काही उपयोग नाही त्यांचा.”

मास्तर तिथेच गाडीच्या उंबऱ्यावर बसले. ही गाडी त्यांनी घेतली तेव्हा लेक शाळेत होती. जावयाचा पत्ता नव्हता. या बाळाचा तर विचारही कोणाच्या मनात नव्हता. आणि तेव्हाच, कुठल्यातरी कारखान्यात, कुठल्यातरी अनोळखी माणसाने या बाळासाठी दोन कड्या गाडीच्या हाडाला वितळवून जोडून ठेवल्या होत्या. कोणी मागितल्या नव्हत्या. कोणाला दिसणार नव्हत्या. त्या अंधाऱ्या फटीत वर्षानुवर्षं वाट बघत होत्या, आणि आपण त्यांना शिव्या घालत, वर फोम चिकटवत राहिलो.

“बाबा,” खुर्चीतून लेकीचा आवाज आला. ती रागावलेली नव्हती. “मी थांबते. घाई नाही.”

मास्तरांनी खिशातून रापी काढली. डाळिंबी कव्हर अजून एकदाही कोणी वापरलं नव्हतं. आधी आपले पट्टे कापून त्यांनी सीट बाजूला घेतली, मग डोळे मिटून फटीवरून बोट फिरवलं. जागा शोधावी लागलीच नाही, बोटांना ती पाठ होती. दोन चिरा. मग आत हात घालून फोमचे तुकडे उपटून काढले. पाच आठवड्यांचा पदर दोन ठिकाणी आ वासून राहिला आणि आत कड्या दिसल्या. धूळ नाही, गंज नाही, काल बसवल्यासारख्या लख्ख.

सिस्टरांनी बैठकीचे हात बाहेर ओढले आणि त्या म्हणाल्या, “तुम्ही लावा.” मास्तरांनी हात कड्यांवर टेकवले आणि ढकलले. टक. दुसरीकडे टक. बैठकीवरच्या छोट्या खिडकीत लाल होतं ते हिरवं झालं. बैठकीच्या पुढच्या बाजूचा घडीचा टेकू सिस्टरांनी खाली ओढून गाडीच्या तळाला टेकवला, मधली जाड सतरंजी दूर करून.

“आता हलवा.”

मास्तरांनी एका हाताने हलवून पाहिलं. मग दोन्ही हातांनी. मग पाय रोवून. सीट तसूभरही सरकली नाही. अख्खी गाडी मात्र चाकांवर डुलली. दारातला वॉचमनसुद्धा बघायला लागला. मास्तर थांबले, आणि पुन्हा एकदा हलवलं, केवळ ती गाडी डुलताना बघायला.

मग बाळाला आणलं. सिस्टरांनी तिच्याभोवती गुंडाळलेलं जाड दुपटं सोडवलं, नुसत्या झबल्यावर तिला टोपल्यात ठेवलं, तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. पट्टे खांद्यांवरून घेतले, मधोमध अडकवले, ओढले. खांद्यापाशी पट्ट्याची चिमूट घ्यायला गेल्या. चिमटीत काही आलं नाही. “हे असं. चिमटीत आलं तर सैल आहे. आता पांघरूण घाला, पण वरून.”

मास्तरांनी वाकून पट्टा दोन बोटांत धरला. पट्ट्यांतलं त्यांना कळत होतं. वीण बघितली, दाटी बघितली, कड बघितली. या एका पट्ट्याने ते स्वतः उचलले गेले असते, वर बायकोही. आणि तो एवढा पट्टा एवढ्याशा खांद्यावर होता. बाळाने तोंडाचा चंबू केला आणि झोपेतच एक सुस्कारा सोडला.

“महाग सीट म्हणजे चांगली सीट असं नसतं, आजोबा,” सिस्टर दार लावता लावता म्हणाल्या. “बाळाला बसली पाहिजे, गाडीला बसली पाहिजे, आणि तुम्हाला रोज न चुकता लावता आली पाहिजे. जावयांनी नीट निवडलीय.”

घर दवाखान्यापासून पंधरा मिनिटांवर. मास्तर तीसच्या वर गेले नाहीत. मागचे लोक हॉर्न वाजवून थकले. लेक बाळाशेजारी बसली होती, आजी पुढे. सीटखाली ढकललेली बेल्टची कुलपं मास्तरांनी निघायच्या आधीच ओढून काढली होती आणि लेकीला बेल्ट लावायला लावला होता. घर दोन वळणांवर आलं, तेवढ्यात कडेला उभ्या गाडीचं दार धाडकन उघडलं.

मास्तरांनी ब्रेकवर उभं राहावं तसा ब्रेक दाबला. आजीच्या हातातली पिशवी उडून काचेवर आदळली, त्यातला डबा उघडला. मखमलीचं अस्तर मास्तरांच्या पायाशी येऊन पडलं. आजीचा चष्मा नाकावरून निसटला. लेक बेल्टमध्ये पुढे गेली आणि मागे आपटली. गाडी त्या दारापासून हातभर अंतरावर थांबली.

मास्तरांना मागे वळायचा धीर होईना.

“बाबा,” लेक म्हणाली. “झोपलीय.”

मास्तर उतरले, मागचं दार उघडलं. बाळ ठेवलं होतं तिथेच होतं. डोक्यावरचं टोपडंसुद्धा सरकलं नव्हतं. तोंडाचा चंबू तसाच. मास्तरांनी बैठकीखाली हात घालून आधी एक कडी चाचपली, मग दुसरी. दोन्ही होत्या. देव दिसल्यावर माणसाचं काय होतं ते मास्तरांना ठाऊक नव्हतं, पण असंच काहीतरी होत असणार, असं त्यांना वाटलं.

ते तसेच वाकलेले राहिले आणि हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला. लेकीने तो पाहिला.

“काय झालं, बाबा?”

“औषधवाल्या बाई,” मास्तर म्हणाले. “त्यांची मुलगी. मीच सांगितलं होतं, मांडीवर घ्या म्हणून.” आणि मग, “आणि बाकीच्या, गं. बाकीच्या गाड्या. दहा-बारा वर्षं.”

लेकीने हात पुढे करून बापाच्या दंडावर ठेवला. मास्तरांना रडू आलं आणि त्यांनी ते रस्त्यात, हॉर्नांच्या गोंगाटात, खुशाल येऊ दिलं.

बाळाला घरात नेऊन ठेवलं. मास्तर पाणीसुद्धा न पिता बाहेर पडले ते थेट कोपऱ्यावर. बाई दुकानात होत्या. दुकानामागे त्यांची गाडी उभी होती, आणि दोन वर्षांची पोरगी औषधांच्या रिकाम्या खोक्यात बसून ‘पों पों’ करत होती.

“बाई, ती माळ्यावरची सीट काढा. आणि गाडीची किल्ली द्या.”

“का हो? काय झालं?”

“ती फालतू नव्हती. मी होतो.”

बाईंना नीट काही कळलं नाही, पण मास्तरांचा चेहरा बघून त्यांनी किल्ली दिली. मास्तरांनी मागचं दार उघडलं आणि रापी काढली. बाई ओरडल्या, “अहो मास्तर, अहो, एवढं सुंदर कव्हर!” तोवर दोन चिरा पडल्या होत्या. पोरगी खोक्यातून उठून दाराशी येऊन उभी राहिली.

“आजोबा, काय सोधताय?”

“तुझी वस्तू आहे इथे,” मास्तर म्हणाले. “मी लपवून ठेवली होती.”

त्यांनी फटीत हात घातला. फोमचा तुकडा घट्ट चिकटला होता. त्यांचाच हात, पक्का. जोर लावून उपटताना तो एकदम सुटला आणि बोटाचं पेर कडीवर सपकन सोलवटलं. जुन्याच वणावर. रक्त आलं. एरवी मास्तरांनी अशी शिवी हासडली असती की पोरगी घाबरून पळाली असती. त्यांनी बोट क्षणभर तोंडात धरलं, आणि दुसरी कडी शोधायला हात पुन्हा आत घातला.